पक्का माणूस येईपर्यंत

दोन हजार बावीस साल. मला चौऱ्याहत्तर सरून पंचाहत्तरावं लागलं होतं. शाळेच्या दाखल्यावर दोन वर्षं कमी आहेत, पण ती तारीख गुरुजींनी मला नुसतं पाहून अंदाजाने टाकली, आणि लहानपणी मी बुटका होतो. म्हणून माझंच म्हणणं खरं धरावं.

त्या उन्हाळ्यात आमच्या तलावाच्या पाळीवरच्या, म्हणजे बांधावरच्या, एका दगडाला सरकारी नोटीस आली. दगडाबद्दल नव्हे, दगडाला. वर 'प्रति' लिहून खाली त्याचंच नाव होतं.

आमचं गाव तिरोड्याकडचं. बोदलकशाचा मोठा तलाव सायकलने तासाभरावर. आमचा तलाव त्याच्यापुढे थाळीपुढे वाटी, पण जुना. पाणी सोडायचं जे दार असतं, त्याला आम्ही तुडूम म्हणतो. त्या तुडमाच्या वर, पाळीवर, एक दगड आहे. गुडघ्याएवढा उंच, वरून सपाट. त्याला सारा गाव 'साहेब' म्हणतो. कोणता साहेब, ते कोणाला माहीत नव्हतं आणि कोणी विचारतही नव्हतं.

दर सोमवारी सकाळी आमच्या घरातला कर्ता माणूस तुडमाच्या पायऱ्या उतरतो आणि पाणी मोजतो. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, वर उरलं ते बोटांत. माझा हात बापापेक्षा आखूड, म्हणून बापाच्या हाताच्या मापाची एक बांबूची काठी मी जपून ठेवली आहे. मोजून झालं की टोपी घालायची, दगडापासून चार पावलं खाली, उतारावर, ताठ उभं राहायचं आणि मोठ्याने सांगायचं :

"साहेब, पानी तीन हात चार बोटं. पाळ साबूत. तुडूम बंद. फिर्याद नाही."

मग थोडं थांबायचं. कोणी काही बोलत नाही. मग "हुकूम" म्हणायचं आणि मागे न पाहता घरी यायचं.

आजाने हे केलं, बापाने केलं, मग मी. बाप वारला तो सोमवारच होता. मी आधी पाणी सांगून आलो, मग रडलो. तलाव आटला असेल तर 'पानी नाही' सांगायचं, पण सांगायचं. लग्नाच्या दिवशी सांगितलं, ताप असताना सांगितलं. बाकी माझ्या आयुष्यात दाखवण्यासारखं फार नाही. चौथीत शाळा सुटली, धान लावलं, तेंदूपत्ता तोडला, पोरी दिल्या. पण एकही सोमवार चुकला नाही, हे मी कोणाच्याही तोंडावर सांगू शकतो.

छप्पन साली आमच्या वस्तीने बुद्धाचा धम्म घेतला. घरातले देव बापाने टोपलीत भरून तलावात सोडले. येत्या सोमवारी तो टोपी घालून निघाला, तसं वस्तीने त्याला वाटेत धरलं.

"काऊन गा, देव सोडले आन् गोटा धरला?"

बाप म्हणाला, "मी हात जोडतो का? पायलं का कोणी? फूल वाहतो? हे पूजा नोहे. काम होय."

"कोनाचं काम?"

ते बापालाही माहीत नव्हतं. पण खरं होतं ते. आम्ही साहेबाला कधी हात जोडले नाहीत. वस्तीने त्याला 'गोटेवाला' नाव ठेवलं, ते पुढे मला लागलं.

बाकी गावाचं तसं नव्हतं. गाव साहेबाला शेंदूर लावायचा, नारळ फोडायचा, बिडी पेटवून ठेवायचा. साहेब सरकारी कामाला पावतो अशी ख्याती. बदली, विहिरीची मंजुरी, मोजणी. पोलीस भरतीची पोरं फॉर्मची झेरॉक्स त्याच्याखाली दाबून जायची. पाऊस पडला की तुडमातून पासपोर्ट साइजचे फोटो वाहत यायचे.

तर त्या उन्हाळ्यात पाळ मजबूत करायचं काम निघालं आणि एक इंजिनिअर आला. वयाने माझ्या धाकट्या जावयाएवढा, स्वभावाने बरा. डोक्यावर पिवळी टोपी, हातात फळीला लावलेला कागद.

"काका, हा दगड कोणाचा?"

"साहेबाचा."

"कुठल्या साहेबाचा?"

"आमच्या."

त्याने कागद माझ्यापुढे धरला. तीन खाने होते. धार्मिक स्थळ, शासकीय बांधकाम, अतिक्रमण. धार्मिक असेल तर गावाचा ठराव आणि देवाचं नाव लागत होतं. शासकीय असेल तर हुकमाची नक्कल लागत होती. तिसऱ्या खान्यात बसायला काहीच लागत नव्हतं.

"म्हणजे नाव नसेल तर अतिक्रमण?"

"फॉर्म मी नाही बनवला, काका."

दोन दिवसांनी दगडावर कागद चिकटला. मी तो बोट ठेवून वाचला आणि अजून पाठ आहे. 'प्रति, साहेब, रा. तलावाची पाळ. आपण शासकीय जागेवर विनापरवाना उभे असल्याचे दिसून आले आहे. पंधरा दिवसांत आपण कोण आहात याचा पुरावा सादर करावा. अन्यथा आपणास काढून आपला उपयोग पाळीच्या दगडी अस्तरासाठी करण्यात येईल.'

नोटीस मिळाल्याची सही कोणाची घ्यायची हा प्रश्न आला. इंजिनिअर म्हणाला, "तुम्हीच घ्या, काका. त्यांच्याशी बोलणारे तुम्ही एकटेच."

मी सही केली. अंगठा नाही. पूर्ण नाव, वेलांटीसकट.

त्यानंतरचा सोमवार मी विसरणार नाही. पाणी मोजलं, टोपी घातली, उभा राहिलो. पानी एक हात नऊ बोटं. पाळ साबूत. तुडूम बंद. आणि पुढचं तोंडातून निघेना. पन्नास वर्षांच्या वर मी 'फिर्याद नाही' म्हणत आलो होतो. खोटं कसं सांगायचं?

"साहेब," मी म्हटलं, "फिर्याद आहे. तुमच्यावरच आहे."

थोडं थांबलो. हुकूम म्हणून घरी आलो.

ग्रामपंचायतीपुढे सभा भरली. गावाला साहेब पाहिजे होता, यात दोन मतं नव्हती. पण तो कोण, यावर जितकी तोंडं तितके साहेब निघाले. राइस मिलवाले शेठ म्हणाले, तो गोरा साहेब होता, पांढऱ्या घोड्यावर यायचा, त्याने वाघ मारला. मंदिर बांधू, बोर्ड लावू, बोदलकशाचे टुरिस्ट इकडे ओढू. दुसऱ्या आळीने सांगितलं, गोरा कायचा, तो फौजदार होता आणि आमच्यातला होता. तिसऱ्यांनी विचारलं, तुमच्यातला म्हणजे? आमच्या वस्तीतला एक मास्तर उठला आणि म्हणाला, नाव लिहून ठेवलं नाही, यावरूनच समजते का तो आपला होता. त्यावर शेठ म्हणाले, मग शेंदूर काऊन लावू देता? मास्तर म्हणाला, आम्ही लावतो का? अर्ध्या घंट्यात लोक साहेबाला सोडून एकमेकांच्या बापजाद्यांवर आले. इंजिनिअर कोपऱ्यात बसून फळीवर माश्या मारत होता.

"मले एक सांगा," तो कंटाळून म्हणाला. इतक्या दिवसांत त्याला आमची बोली लागली होती. "पुरावा कोन आनते?"

मी उभा राहिलो. "मी आनतो."

सभा हसली. शेठ म्हणाले, "बुढाजी, जुन्या दफ्तरात बडे बडे पढे-लिखे लोक फसतात. तुमचं शिक्षण किती?"

"चौथी. अर्धी."

"मग?"

"तुमचा गोरा साहेब कोन्या घोड्यावर येत होता ते तुमाले मालूम हाय, आन् नाव मालूम नाही. इतकं शिक्षण मले बी हाय."

घरी म्हातारीने भाकरी वाढता वाढता विचारलं, "ऐकता का जी, साहेब सापडला नाही त का होईन?"

"फोडतीन त्याले. पाळीच्या अस्तरात, पिचिंगमंदी टाकतीन."

"आन् तुमी सोमवारी कोठं जान?"

हेच मला कोणी विचारू नये असं वाटत होतं. तिने बरोबर तेच विचारलं. मी भाकरीचा तुकडा मोडत राहिलो. मग ती म्हणाली, "जा मंग. पन सपेद धोतर घालून जा. नाही त तुमालेच अतिक्रमण म्हनतीन."

पहिल्यांदा गोंदियाला गेलो. तिथे एका खिडकीवरच्या बाबूने माझं म्हणणं ऐकून घेतलं. गोंदियात मराठी बोललं तरी उत्तर हिंदीत येतं, त्याची मला सवय आहे.

"काका, कितना पुराना मामला?"

"आजाच्या जवानीतला."

"तब तो गोंदिया जिला पैदा भी नहीं हुआ था. भंडारा जाओ."

हे खरं होतं. आमचा जिल्हा माझ्या नातवंडांच्या वयाचा आहे. तरी मला राग आला. आपला जिल्हा आपल्या तोंडावर असं म्हणतो, हे बरं दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी तिरोड्याहून गाडी धरली, भंडारा रोडला उतरलो, ऑटोने शहरात कलेक्टर कचेरीत गेलो. जुनं दफ्तर सांभाळणारी बाई होती. चाळिशीची, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, बोलायला तुटक. तिने अर्जाचा कागद दिला. त्यात लिहायचं होतं, ज्या व्यक्तीचे कागद हवेत तिचं नाव. मी लिहिलं, तेच शोधायला आलो. पुढे, अर्जदाराचं त्या व्यक्तीशी नातं. मी बराच वेळ पेन धरून बसलो. भक्त लिहावं तर मेलेल्या बापाने ऐकलं असतं. नोकर लिहावं तर मी कोणाचा नोकर नाही, आयुष्यात कोणाकडे सालदारकी केली नाही. शेवटी लिहिलं, ओळखीचा.

बाईने वाचलं. "बाबा, ओळखीचा आहे तर नाव माहीत नाही?"

"तोंडओळख हाय."

"तोंड पाहिलं?"

"नाही जी. पाठ त्याची माह्याकडे असन नाही त तोंड, तेही सांगता येत नाही. गोटा हाय तो."

तिने चष्मा डोळ्यांवर चढवून मला पाहिलं. वाटलं आता हाकलते. पण ती म्हणाली, "बसा. पाण्याच्या बस्त्यांपासून सुरू करू."

लाल कापडात बांधलेले बस्ते, एकेक कापसाच्या गाठोड्याएवढा. सोडला की धूळ उडायची आणि बाई शिंकायची. शिंक आली की म्हणायची, "हा शंभर वर्षांचा दिसतो." सात-आठ दिवसांत मी तीनदा गेलो. इंग्रजी कागद ती वाचायची, बाळबोध लिपीतले मी वाचायचो, बोट ठेवून. तिच्यापेक्षा मी हळू होतो, पण शाईचे फाटे मला जास्त उलगडत. तिने तसं म्हटलं. मी म्हटलं नाही.

पहिला सापडला तो शेठचा गोरा साहेब. खरंच घोड्यावर आला होता. आमच्या तलावावर त्याने एक ओळ लिहिली होती. बाईने वाचून दाखवली : मासे चांगले आहेत. बस. पाळ नाही, माणसं नाही, वाघ तर नाहीच. मासे खाऊन गेला.

दुसऱ्या खेपेला फौजदार सापडला. कोणीतरी तुडूम फोडल्याच्या चौकशीला निघाला होता. वाटेत घोडीचा पाय मुरगळला म्हणून परत गेला आणि 'सर्व पाहिले' असं लिहून मोकळा झाला. गावात पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं त्याने. मी विचारलं, हे खोटं लिहिलेलं चालते का? बाई म्हणाली, "बाबा, इथे ठेवलेलं सगळं चाललेलंच आहे."

तिसऱ्या खेपेला माझा धीर सुटत आला होता. नोटिशीचे तीन दिवस उरले होते. बाईने एक पातळ वही काढली, वाळवीने कडेने खाल्लेली. तलावांचा आठवड्याचा तक्ता होता. गावागावाची पानं. आमच्या गावाचं पान निघालं. ती वरचे रकाने वाचू लागली, सहज, तोंडातल्या तोंडात.

"वार सोमवार. पाणी, हात, बोटे. पाळ..."

"साबूत," मी म्हटलं.

ती थांबली. "हो. पाळ साबूत. पुढे, तुडूम..."

"बंद."

"तुम्ही आधी पाहिलंय का हे?"

"फिर्याद," मी म्हटलं. "फिर्याद नाही. आन् शेवटी हुकूम."

शेवटच्या रकान्यावर 'हुकूम' लिहिलेलं होतं आणि खाली दर ओळीत तो रिकामा होता. आम्ही जे तीन पिढ्या दगडाला म्हणत आलो, तो सरकारी तक्ता होता. मी रकाने सांगत होतो. पन्नास वर्षं मी तोंडाने वही भरत होतो.

वहीत दहा सोमवार होते. दहाव्यानंतर कोरं.

त्याच वहीत एक हुकूम टाचलेला होता. बाळबोध अक्षर, गिचमिड. तो मीच वाचला. बाईला मी वाचू दिला नाही. त्याचा अर्थ असा, की सदर तलावाचे पाणी मोजण्यास कायम इसम नसल्याने गावचा अमुक, आणि तिथे माझ्या आजाचं नाव होतं, सरकारी शाईने, बापाच्या नावासकट, याने दर सोमवारी हजर राहून पाणी सांगावे. चिखल फार असल्याने लिहिणाराने उभे राहण्यास पाळीवर दगड ठेवविला आहे. इसमाने चार पावले खाली उभे राहावे. हे पक्का माणूस येईपर्यंत.

खाली सही नव्हती, पद होतं. हंगामी मोहर्रिर, तलाव. मोहर्रिर म्हणजे साधा कारकून.

मी तो कागद दोनदा वाचला. म्हणजे आमचा साहेब साहेब नव्हता. कारकून होता, आणि तोही हंगामी. ज्या दगडाखाली पोरं भरतीचे फॉर्म दाबतात, तो एका कारकुनाचे जोडे चिखलात भरू नयेत म्हणून ठेवला होता. आजा चार पावलं खाली कशासाठी, ते मला कोणी समजावून सांगायला नको. आणि ज्या कामाचा माझ्या घराण्याला अभिमान, ते काम आम्हाला पक्कं दिलेलंच नव्हतं. आजा टेम्पररी, बाप टेम्पररी, मी टेम्पररी.

"मंग हा गेला कोठं?" मी विचारलं. "दहा सोमवार होऊन कोठं गेला?"

बाईलाही आता चेव चढला होता. तिने दुसरा बस्ता सोडला, नेमणुकांचा. अर्ध्या तासात तिने त्याला धरला. आमच्याकडचा नेहमीचा कारकून रजेवर गेला होता, त्याच्या जागी हा दहा आठवड्यांपुरता आलेला. रजा संपली, याला चिचगडकडे जंगलाच्या नाक्यावर धाडलं. रजेवरून आलेला गडी पाळीवर गेलाच नाही. आणि माझ्या आजाला कोणी काही कळवलं नाही. पुढच्या सोमवारी तो आला, पाणी मोजलं. दगड होता, माणूस नव्हता. त्याने सांगून टाकलं. त्याला हजर राहायला सांगितलं होतं, ऐकणाऱ्याची चौकशी करायला नाही.

"हे बघा, नाव," बाई म्हणाली आणि पान माझ्याकडे फिरवलं.

नाव होतं. पूर्ण नाव, आडनाव. मी वाचलं.

आमच्याकडे आडनाव वाचलं की माणूस कोणत्या आळीत राहणार, कोणाच्या पंगतीत बसणार आणि मेला तर कोण खांदा देणार, सगळं कळतं. मी त्या आडनावाकडे पाहिलं आणि मला सभा दिसू लागली. हे नाव मी गावात नेलं तर एक आळी त्याला त्याच दिवशी घरी नेणार, दुसरी शेंदूर खरवडणार, आणि तिसरी रात्रीतून तलावात ढकलणार. जो माणूस इतकी वर्षं कोणाचाच नव्हता म्हणून सगळ्यांचा होता, त्याला मी एका कागदाने मारून टाकणार.

आणि नाव नेलं नाही तर जेसीबी.

"बाबा, नक्कल कोणत्या पानाची देऊ?" बाईने विचारलं.

"हुकमाच्या."

"आणि नावाच्या?"

"ते राहू द्या."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग त्या पानाकडे. तिचंही काही आडनाव असेलच. तिने दुसरा बस्ता गुंडाळला आणि गाठ मारली, नेहमीपेक्षा घट्ट.

"पुन्हा कोणी विचारायला आलं तर?" ती म्हणाली.

"त्याले म्हना, सर्व पाहिले."

ती हसली. तीन खेपांत पहिल्यांदाच.

नक्कल घेऊन आलो, आणि बघता बघता मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला. रविवार होता, पण जेसीबीला रविवार नसतो. पाळीवर सारा गाव गोळा झाला होता. शेठ नवा कुर्ता घालून, मास्तर निळी टोपी घालून, बाया नारळ घेऊन. इंजिनिअरची पिवळी टोपी उन्हात चमकत होती. म्हातारीही आली होती, पदर डोक्यावर ओढून, लांब उभी.

"आना काका," इंजिनिअर म्हणाला.

मी नक्कल त्याच्या हातात दिली. त्याने मोठ्याने वाचायला घेतली. 'दगड ठेवविला आहे' पर्यंत आला तशी गर्दी शांत झाली. 'चिखल फार असल्याने' हे त्याने आधीच वाचलं होतं, पण लोकांच्या डोक्यात ते आता पोहोचलं.

"म्हंजे?" शेठ म्हणाले. "जोडे पुसाचा गोटा?"

"उभं राहाचा," मी म्हटलं. "पुसाचा नाही."

"आमी त्याले नारळ फोडले ना बाप्पा!" एक बाई म्हणाली. पण तिचा हातातला नारळ तिने खाली ठेवला नाही.

मास्तर कडाडला, "नाव काय त्याचं? कोण होता?"

"मोहर्रिर."

"ते पद झालं. नाव?"

"हुकमात नाही."

"दफ्तरात असन ना!"

"दफ्तरात बहुत काही हाय," मी म्हटलं. "मासे चांगले हायेत, हे बी हाय."

मी खोटं बोललो नाही. जितकं विचारलं त्याच्या बाजूचं सांगितलं. म्हातारीने मात्र लांबून मला एकदा पाहिलं. पन्नास वर्षं तिने माझं तोंड वाचलं आहे.

इंजिनिअरने फळी काढली. "नावाचा खाना रिकामा राहील," तो पुटपुटला. मग त्याचा चेहरा उजळला. "पण देव असेल तरच नाव लागतं. हुकूम निघाला म्हणजे हे शासकीय बांधकाम. शासकीय जागेवर शासकीय दगड. अतिक्रमण होतच नाही!" त्याने तिथेच, दगडावर फळी टेकवून, दुसऱ्या खान्यात फुली मारली. नोटीस ओली करून सोलून काढली. जेसीबीवाल्याने बिडी पेटवली, आणि काय वाटलं त्याला, दुसरी पेटवून दगडावर ठेवली.

"देव सरकारी निघाला," शेठ म्हणाले. त्यांना वाईट वाटलं होतं, पण फार नाही. सरकारी देव भरतीच्या पोरांना जास्तच पावेल, असं त्यांनी लगेच दोघातिघांना सांगितलं.

लोक पांगले. इंजिनिअर माझ्याजवळ येऊन बसला. मनाचा चांगला पोरगा, म्हणून सांगतो. त्याने नक्कल पुन्हा वाचली, शेवटची ओळ बोटाने दाखवली आणि म्हणाला, "काका, म्हणजे तुमच्या आजोबांना हे तात्पुरतं सांगितलं होतं. नंतर कोणी थांबा म्हणालंच नाही."

"नाही."

"तीन पिढ्या, काका!" त्याला हसावं की काय ते कळेना. "मी वर लिहितो. आता पाणी मोजायला यंत्र बसतं, फोनवर आकडा येतो. तुम्ही सुटलात. मी सोडलं तुम्हाला. उद्यापासून आराम करा."

मी उठलो. धोतर झटकलं. "साहेब, मले या कामावर बसवलं कोनी?"

"म्हणजे?"

"मले तुमी बसवलं नाही. तुमी सोडता कसे? मोहर्रिरानं बसवलं. त्याचा हुकूम तुमच्या हातात हाय. त्यात का लिवलं हाय, वाचा."

"पण काका, तो माणूस..."

"वाचा ना जी."

त्याने वाचलं. मग कागद घडी करून माझ्या हातात दिला आणि पिवळी टोपी डोक्यावर नीट केली. वर काय लिहिणार होता ते त्याने लिहिलं की नाही, मला माहीत नाही. यंत्र अजून तरी दिसलं नाही.

वाटेत म्हातारी माझ्या मागून चालत होती. बरंच अंतर गेल्यावर तिने हळूच विचारलं, "नाव होतं ना जी?"

"होतं."

"कोन्या आळीचं?"

मी चालत राहिलो. तीही पाच-सात पावलं चालली. मग म्हणाली, "नका सांगू. मी विहिरीवर बोलून जाईन."

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. बापाच्या हाताची काठी घेऊन मी तुडमाच्या पायऱ्या उतरलो. उन्हाने पाणी आणखी खाली गेलं होतं. टोपी घातली. पहिल्यांदाच वाटलं, आज चार पावलं खाली न उभं राहता वर जावं, दगडाच्या बरोबरीने. बरोबरीने उभा राहिलो. तिथून तलाव वेगळा दिसतो, पलीकडचा काठसुद्धा दिसतो.

"साहेब," मी म्हटलं. त्याचं खरं नाव घेणार होतो, जिभेवर आलं होतं, पण पाळीवरून दोन बाया जात होत्या. "साहेब, पानी एक हात दोन बोटं. पाळ साबूत. तुडूम बंद. फिर्याद नाही. पक्का माणूस अजून आला नाही."

थोडं थांबलो. मग हुकूम म्हटलं आणि मागे न पाहता घरी आलो.